गुणाचं लेकरू

येडगावचा हौशीराम जीप चालवायला थेट जुन्नरच्या पश्चिमेला डोंगरात का गेला, असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, "नारायणगाव लाइनला नंबर लावून बसलं की मिशा पांढऱ्या व्हत्यात, राव." ते काही खोटं नव्हतं. त्या रस्त्यावर जीपमागं जीप उभी असायची आणि आपला नंबर लागेपर्यंत दुपार व्हायची. डोंगराकडं मात्र एसटी सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, आणि तीही तिच्या मनात आलं तर. म्हणून त्यानं आपली कमांडर जीप हिरडेवाडीच्या फाट्यावर नेऊन उभी केली आणि बिऱ्हाडही तिथंच थाटलं. वरच्या सगळ्या वाड्यांना जुन्नरला न्यायला तेवढी एकच गाडी. वर्ष-दोन वर्षांत तो त्या भागाचा हौशाभाऊ झाला.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. म्हातारीचं गाठोडं स्वतः टपावर चढवील, पोरांना हॉर्न वाजवू देईल, कुणाच्या घरचा निरोप असला तर दारापर्यंत पोचवील. पण तोंडानं फटकळ, आणि गाडीवर त्याचा जीव अती. सकाळी उठून आधी गाडी पुसणार, मग स्वतःचं तोंड धुणार. त्याची बायको वैजयंती सगळ्यांसमोर म्हणायची, "ह्यांचं लगीन त्या गाडीशीच लागायला पायजे व्हतं, मी आपली मधीच आले."

आणि जीपवाल्याचा एक नेम असतो, तो ह्याचाही होता. शिटा भरल्याशिवाय गाडी हलवायची नाही. शीट म्हणजे माणूस. माणसं मांडीला मांडी लावून बसली, दोघं ड्रायव्हरच्या उजव्या हाताला चिकटले, मागं चार-दोन लोंबकळले, म्हणजे गाडी भरली. तोवर फाट्यावर उभं राहून "जुन्नर, जुन्नर, जुन्नर!" असं ओरडायचं. आधी येऊन बसलेल्यानं गपगुमान बसायचं. कुरकुर केली तर हौशाभाऊ म्हणायचा, "लई घाई असंल तर कालच निघायचं की!"

शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात त्यानं गाडीला नवी सीट-कव्हरं घातली. लाल रेक्झीन, कडेनं पिवळी पट्टी. फाट्यावरची माणसं हात लावून बघायची आणि हा त्यांना हात धुऊन यायला सांगायचा. त्याला आठवडा झाला नसेल, तोच बाजारच्या दिवशी गच्च भरलेल्या गाडीत वरच्या एका वाडीतल्या बाईचं पोर भडाभडा ओकलं. पोराच्या अंगात ताप होता, बाई त्याला डॉक्टरकडंच घेऊन निघाली होती. पण हौशाभाऊचं डोकं फिरलं. त्यानं तिला खाली उतरवलं, ओढ्याचं पाणी आणायला लावलं आणि तिच्याच पदरानं सीट पुसून घेतली. ती पुसत होती तोवर पोर रस्त्याच्या कडेला दगडावर बसून होतं. आणि वर हा अख्ख्या फाट्याला ऐकू जाईल असा ओरडला, "आजपासनं आजारी पोर घेऊन माझ्या गाडीत बसायचं न्हाई! ही जीप हाय, दवाखाना न्हाई!"

लोक हसले. बाई पोराला कडेवर घेऊन आल्या वाटेनं वर चालत गेली.

ते वाक्य फाट्यावर चांगलं रुळलं. टपरीवर कुणी नुसतं शिंकलं तरी दुसरा म्हणायचा, "ही जीप हाय, दवाखाना न्हाई!" हौशाभाऊही हसायचा. आपलं बोलणं चार लोकांच्या तोंडी बसलं की माणसाला बरं वाटतं, त्यात काय! त्या दिवशी फाट्यावर जी माणसं उभी होती त्यांत हिरडेवाडीची सखूही होती. ती हसली की नाही, हे त्यानं बघितलं नव्हतं.

ही सखू म्हणजे चिमाजीची बायको. चिमाजी नारायणगावच्या भाजी मार्केटात हमाली करायचा, घरी आठवड्या-पंधरवड्यानं यायचा. घरात सखू, तिची सासू धोंडाबाई आणि दीड वर्षाची लेक. लेकीचं नाव अश्विनी. चिमाजीनं ते मार्केटातल्या कुठल्याशा कॅलेंडरवर वाचून आणलं होतं. वाडीला एवढं लांब नाव झेपेना, वाडी तिला आशी म्हणायची. धोंडाबाई नातीला एक घटका खाली ठेवायची नाही.

त्याच वर्षी आखाडात आवणी चालू होती. आवणी म्हणजे भाताची रोपं उपटून खाचरांत लावायची, आणि पाऊस आहे तोवर लावायची. त्या दिवसांत सगळी वाडी चिखलात वाकलेली असते. मेलेलं माणूससुद्धा लोक घाईनं उरकतात. म्हणून फाट्यावर चिटपाखरू नव्हतं. हौशाभाऊ रखमाजीच्या टपरीत चहा पीत बसला होता. सकाळचीच सखू आली आणि मागच्या कोपऱ्यात जाऊन बसली. मांडीवर पोर, गच्च गुंडाळलेलं. आत जुन्या लुगड्याच्या घड्या, वर खताच्या पिशवीचा कागद, त्याच्यावर घोंगडीचा तुकडा.

"कुठं गं, सखू?" त्यानं टपरीतूनच विचारलं.

"पाव्हण्यांकडं, भाऊ."

"आवणी सोडून?"

"व्हय," ती म्हणाली आणि खाली बघत बसली.

आता मला सांगा, आवणी सोडून कोण पाव्हण्यांकडं जातं? हे कळायला काय पंचांग लागतं? फाट्यावरच्या कुत्र्यालाही कळलं असतं. पण हौशाभाऊचं सगळं ध्यान शिटांवर. एक आला, दोन आले, मग कुणीच येईना. पाऊस उघडला, पुन्हा आला. सखूनं एकदा मान बाहेर काढून हळूच विचारलं, "भाऊ, निघायचं का?"

"शिटा तर भरू दे! पाव्हणं काय पळून चाल्लं व्हय?"

टपरीतले दोघं-तिघं हसले. सखू आत सरकून बसली. मग तिनं पुन्हा विचारलं नाही.

गाडी भरली तेव्हा दिवस चांगला वर आला होता. खालच्या गावात एकानं "माझा भाऊ येतोय, वाईच थांबा" म्हणून थांबवलं. भाऊ आला तो तांदळाचं पोतं विसरून आला, पोतं आणायला परत गेला. हौशाभाऊ हॉर्न वाजवत बसला. रस्ता कसला, नुसते खड्डे. टपावरच्या डब्यांचा खडखडाट आणि पुढं दुसऱ्या एका बाईचं पोर असं किंचाळत होतं की कानाचे पडदे फाटावेत. हौशाभाऊनं आरशातून मागं बघितलं. सखूचं पोर शांत.

"बघा गं बायांनो, ह्याला म्हणायचं गुणाचं लेकरू!" तो मोठ्यानं म्हणाला. "एवढा दणका बसतोय, पण हूं न्हाई की चूं न्हाई. शिका जरा सखूकडनं."

"खरंच गं बाई," पुढची बाई म्हणाली. "आमचं कारटं बघ."

सगळ्या गाडीनं मागं वळून त्या लेकराचं कौतुक केलं. सखू आरशात त्याच्याकडं बघून हसली. जरासंच. पुढं कित्येक वर्षं हौशाभाऊ त्या आरशात बघायचं टाळायचा, ते त्या हसण्यामुळं.

जुन्नरच्या स्टँडवर गाडी थांबली तशी ती सगळ्यांना ढकलून खाली उतरली आणि पळत सुटली. एक चप्पल गाडीतच राहिली. हौशाभाऊ ती चप्पल हातात धरून मागनं ओरडला, "अगं हळू! पोर उठंल!"

आशीला दोन दिवस हगवण लागली होती. पोटात पाणी ठरत नव्हतं. सगळी वाडी आवणीला, आणि सासू म्हणत होती दात येतायत, थांबेल. तिसऱ्या सकाळी पोरीचे डोळे आत गेले आणि ती रडायची बंद झाली, तेव्हा सखू कुणाला न विचारता पोर उचलून खाचरातूनच निघाली होती. दवाखान्यात डॉक्टरनं लगेच हातात घेतलं. सुई लावायला शीर सापडेना. हाताला बघितली, पायाला बघितली, डोक्याला बघितली. दुपार कलायच्या आत सगळं संपलं.

संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला हौशाभाऊची गाडी परत निघाली. सखू सगळ्यांच्या शेवटी आली आणि पुन्हा त्याच कोपऱ्यात बसली. मांडीवर पोर, तोंडावरून पदर ओढलेला. मेलेलं लेकरू कुठलाही जीपवाला गाडीत घेत नाही, हे तिला माहीत होतं. सांगितलं असतं तर डोंगर चढून पायी न्यावं लागलं असतं, तेही पावसात. सकाळी पोर आजारी आहे हे ती बोलली नव्हती, आणि आत्ता पोर गेलं हेही बोलली नाही.

"अजून झोपलंच हाय व्हय गं?" हौशाभाऊनं विचारलं. "पाव्हण्यांनी लई खेळवलेलं दिसतंय!"

फाट्यावर उतरताना त्यानं तिला सकाळची चप्पल दिली आणि पोर पडू नये म्हणून खालनं हात लावला. गुंडाळ्यातून पाऊल बाहेर आलेलं होतं, ते त्याच्या तळहाताला लागलं. गार. आणि हा शहाणा म्हणाला, "पाय झाक गं तिचं, गारठलंय लेकरू."

सखूनं पाऊल पदरात घेतलं आणि अंधारात वर चढायला लागली.

दुसऱ्या दिवशी रखमाजीनं चहा ओतता ओतता सांगितलं, "चिमाजीची आशी गेली की काल. तुझ्याच गाडीतनं नेली म्हणं, आन् तुझ्याच गाडीतनं आणली."

हौशाभाऊच्या हातातला कप तसाच राहिला. तळहाताला ते पाऊल पुन्हा लागलं. त्याला वाटलं आता सगळे आपल्याकडं बघतील, त्या सीट-कव्हरांकडं बघतील, आपलं ते वाक्य कुणीतरी आपल्याच तोंडावर फेकील. त्यानं मान वर केली नाही.

पण तसं काहीच झालं नाही. रखमाजीच म्हणाला, "धोंडाबाई छाती पिटून सुनंला बोलतीय. म्हणती, हौशाभाऊला एक शब्द सांगितला असता तर त्यानं गाडी उडवत न्हेली असती. हिला तोंड व्हतं का न्हवतं? दिसभर बसून ऱ्हायली मुकी!"

"खरंच की," दुसरा म्हणाला. "हौशाभाऊ काय न्हाई म्हणला असता?"

सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं. आणि हौशाभाऊ म्हणाला, "व्हय की. सांगायला पायजे व्हतं तिनं. मी काय न्हेली नसती?"

गाडी भरायची वाट बघितली ती अजाणता. गुणाचं लेकरू म्हणाला तेही अजाणता. त्याला कुणी काही म्हणावं असं त्यात नाही, फार तर येडा म्हणावं. पण हे वाक्य तो पुरता शुद्धीवर असताना बोलला. जीप-दवाखान्याचं ते बोलणं सगळ्यांच्या तोंडी होतं, पण सखू त्याच भीतीनं बोलली नाही हे फाट्यावर ज्याला कळलं असा तो एकटाच, आणि त्यानंच तिच्यावर शिक्का मारला. बोलताना त्याचा आवाजही कापला नाही. ह्याची त्याला पुढं सगळ्यात जास्त लाज वाटली.

त्याच आठवड्यात त्यानं लाल कव्हरं फाडून काढली. कुणी विचारलं तर म्हणाला, रेक्झीन उन्हाचं तापतंय. वैजयंतीनं त्यातलं एक धुऊन ओट्यावर अंथरलं, तर ते त्यानं उचलून बंबात घातलं. तिला काही कळेना. ती म्हणाली, "अवो, एवढ्या हौसेनं शिवली, आन् आता जाळता?"

तेव्हापासून बाई पोर घेऊन गाडीजवळ आली की हौशाभाऊ आधी पोर बघायचा. "जागं कर त्याला. डोळं उघडतंय का बघू." पोर रडलं की ह्याच्या जिवात जीव यायचा. झोपलेल्या पोरांना उठवतो म्हणून बायका वैतागायच्या. "कसला मेला हा, निजलेलं लेकरू रडवतो!" पण आजारी पोर असलं की एक शीट असो नाहीतर तेवढंही नसो, तो गाडी काढायचा. भरलेली गाडी असली तरी लोकांना वाटेत उतरवायचा. "चालत या, न्हायतर माघारी फिरा, मला काय बोलायचं ते उद्या बोला." हिरड्याच्या झाडावरून पडलेलं पोर त्यानं नेलं, उकळत्या पेजेनं भाजलेली पोर नेली, फिट आलेलं नेलं, बाळंतिणीच्या पोटात आडवं आलेलंही नेलं. सगळी वाचली असं नाही, पण त्याच्या गाडीतून कुणाला वाट बघावी लागली नाही. एकदा जेवायला बसलेला असताना कुणीतरी बोलवायला आलं, हा ताटावरून उठला, तेव्हा वैजयंती चिडून म्हणाली, "तुमी जीप चालवता का दवाखाना?" बिचारी सहज म्हणाली. तिला काय माहीत! हौशाभाऊ उंबऱ्यात थबकला, त्याचा चेहरा पडला, आणि त्या दिवशी रात्रीही तो जेवला नाही.

लोकांच्या तोंडी मात्र त्याचं नुसतं कौतुक. "देवमाणूस!" म्हणायला लागले. जितकं लोक म्हणायचे तितका हा कानकोंडा व्हायचा. सखू कधी बाजाराला जाताना गाडीत बसायची, तेव्हा तर हा पुढच्या रस्त्यावरून नजर काढायचा नाही. ती नेहमीसारखीच "बरं हाय का, भाऊ?" म्हणायची. हा "हाय की" म्हणून गिअर टाकायचा. कितीदा ठरवलं, आज बोलू. मग वाटायचं, उगाच जुनी जखम कशाला उकरायची? जखम तिची होती आणि दुखायचं ह्याला, म्हणून हा उकरत नव्हता. वर्षं गेली ती अशी.

वाडीत धोंडाबाईनं मात्र कधी सोडलं नाही. सुनेकडून भांडं पडलं, चूल विझली, म्हैस सुटली, काहीही झालं की म्हणायची, "तवा तोंड उघडलं असतं तर माझी आशी आज शाळंत असती." चिमाजीही दारू प्यायला की तेच म्हणायचा. मग सगळी वाडीच म्हणायला लागली. पोर आजारी पडलं आणि नवी सून गप्प बसली की म्हाताऱ्या सांगायच्या, "बोल बाई, सखूसारखं करू नको." हे सगळं हौशाभाऊच्या कानावर फाट्यावर यायचं. तो चहाचा कप ठेवून उठायचा आणि उगाचच गाडी पुसायला लागायचा.

पुढं सखूला मुलगा झाला, समर्थ. तो चार वर्षांचा असताना पेंढ्यात खेळताना त्याला विंचू चावला, काळा नव्हे, तो लाल जीवघेणा. हौशाभाऊची गाडी वळणावर दिसली तेव्हा सखू रस्त्याच्या मधोमध उभी होती आणि गाडी थांबायच्या आधीच गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होती, "भाऊ, पोराला इंचू चावलाय! पोराला इंचू चावलाय!" गाडीतली माणसं न सांगताच उतरली. पोर घामानं भिजलं होतं, ओकत होतं. सीटवर ओकलं, सखूच्या अंगावर ओकलं. ती पदरानं सीट पुसायला लागली, तसा हौशाभाऊ ओरडला, "पुसू नको! पोराकडं बघ!" आणि गाडी चालवता चालवता त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. डॉक्टरनं पोर वाचवलं.

त्यावर वाड्यांनी ठरवलं, आता हौशाभाऊचा सत्कार करायचाच. सव्वीस जानेवारीला, शाळेच्या पटांगणात. त्यानं परोपरीनं नाही म्हणून बघितलं. "मानपान नको मला, राव." पण जेवढं नाही म्हणावं तेवढा माणूस मोठा ठरतो, ही आपल्याकडची रीतच आहे. शेवटी वैजयंतीनं इस्त्रीचा शर्ट घालून त्याला पाठवलं.

झेंडावंदन झालं, पोरांची कवायत झाली. मग सरपंच सावळेराम माइकपुढं उभा राहिला. ओवाळायला सखूला बोलावलं होतं, ताट घेऊन ती स्टेजच्या पायरीशी उभी होती. सावळेराम बोलत सुटला. हौशाभाऊचे गुण गायले, आणि मग म्हणाला, "बंधू-भगिनींनो, एक दुःखाची गोष्ट. ह्याच आपल्या वाडीचं एक लेकरू पूर्वी दगावलं. का? तर हौशाभाऊंसारखा देवमाणूस पुढं गाडी चालवतोय आणि आई मागं मुकी बसलेली. एक शब्द बोलली असती तर! म्हणून माता-भगिनींना सांगणं आहे, बोलायला शिका." नाव त्यानं घेतलं नाही. घ्यायची गरजच काय, सगळं पटांगण सखूकडं बघत होतं.

सखू ताट घेऊन वर आली. तिनं कुंकू लावलं, तांदूळ टाकले, निरांजन फिरवलं. भुई फाटून पोटात घेईल तर बरं, असं हौशाभाऊला झालं. अंगावर शाल आली, हातात नारळ आला. "दोन शब्द, हौशाभाऊ!" म्हणून माइक पुढं केला. आत्ता, त्याच्या मनात आलं, आत्ताच. त्यानं माइक धरला, घसा खाकरला. समोर सगळ्या वाड्या बसलेल्या, पुढच्या रांगेत शाळेची पोरं.

"लई उपकार झालं," तो म्हणाला आणि खाली बसला. टाळ्यांचा कडकडाट झाला. "बघा किती साधा माणूस!" मागं कुणीतरी म्हणालं.

कार्यक्रम आटोपल्यावर सखू आणि समर्थ वाडीकडं निघाले होते. हौशाभाऊनं गाडी त्यांच्याजवळ थांबवली. "बसा, सोडतो." समर्थ पुढं बसला आणि लगेच हॉर्न वाजवायला लागला. सखू मागं बसली, त्याच कोपऱ्यात. चढ लागायच्या आधी हौशाभाऊनं गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"सखू," तो पुढंच बघत म्हणाला, "तू का बोलली न्हाईस, ते मला ठाव हाय. मी फाट्यावर वरडलो व्हतो. आजारी पोर घेणार न्हाई म्हणून. ते ऐकून तू घाबरलीस. आन् मागनं मीच लोकांत म्हणालो, तिनं सांगायला पायजे व्हतं. आजबी त्या माइकवर मला बोलता आलं न्हाई. माझ्यासारखा हलकट माणूस न्हाई."

समर्थनं दोनदा हॉर्न वाजवला.

"मला ठाव हाय की, भाऊ," सखू म्हणाली. "मी तिथंच उभी व्हते तवा. त्या बाईला पाणी आणायला मीच कळशी दिली व्हती."

"मग तू घरी का न्हाई सांगितलंस? एवढी वर्सं सासूचं ऐकून घेतलंस, नवऱ्याचं ऐकलंस. माझं नाव घ्यायचं व्हतं!"

"घेतलं असतं तर काय झालं असतं? हे दारू पिऊन तुमच्या अंगावर आलं असतं. वाडीनं तुमची गाडी फोडली असती, न्हायतर तुमी रागानं येडगावला निघून गेला असता." तिचा आवाज तसाच, बाजारात भाव विचारावा असा. "गाडी तर एकच व्हती. माझी आशी गेली व्हती, पण वाडीत बाकीची लेकरं व्हती. पल्याडच्या घरातल्या माझ्या जावंला सातवा लागला व्हता. मग मी म्हटलं, मला बोलत्यात तर बोलू द्यात, गाडी चालू ऱ्हायली पायजे."

हौशाभाऊनं स्टिअरिंगवर डोकं टेकलं. दहा वर्षं आपण लेकरांना वाचवतोय असं तो मनाशी म्हणत होता. आता त्याला कळलं की गाडी चालत होती ती कुणाच्या जिवावर.

"आता मी काय करू, सखू?"

"मला सांगून काय उपेग? मला तर ठावच व्हतं." तिनं पुढं वाकून समर्थचा हात हॉर्नवरून काढला. "सांगायचं तर म्हातारीला सांगा. आता वाडीत तीन गाड्या येत्यात. तुमची बंद झाली तरी लेकरांचं काय अडायचं न्हाई."

हे ती रागानं म्हणाली नाही. रागानं म्हणाली असती तर त्याला सोपं गेलं असतं. त्यानं गाडी चालू केली, पण पुढं वाडीच्या खाली लावून तो त्यांच्यामागं पायीच वर चढला. शाल खांद्यावर तशीच होती, काढायचं त्याला सुचलं नाही.

धोंडाबाई ओट्यावर ऊन खात बसली होती. तिला आता कमी दिसायचं, पण शालीची जरतारी किनार चमकली ती दिसली. तिचा सुरकुतलेला चेहरा फुलला. "कोण, हौशाभाऊ? आरं ये, ये! सखू, घोंगडी टाक आधी, बघतीस काय? देवमाणूस आलाय दारात. आन् च्या ठेव. का तेबी तुला सांगाया पायजे?"

सखू घोंगडी आणायला आत गेली. हौशाभाऊनं शाल काढून ओट्याच्या कडेला ठेवली आणि म्हातारीच्या पायाशी खाली जमिनीवर बसला. शेजारच्या दोघी-तिघी बायका सत्काराचा माणूस बघायला अंगणात आल्या होत्या. त्यांना जाऊ द्यावं, असं एकदा त्याच्या मनात आलं. मग त्यानं त्यांनाही जवळ बोलावलं.

"मावशी," तो म्हणाला, "सखूला तोंड व्हतं."